मदत हवी आहे: रविवारी किल्ल्यावर जायचंय, पायऱ्या आहेत का?

पाटणचा_पोऱ्या: रविवारी आई-मावशीला घेऊन किल्ल्यावर जायचंय. मावशीचे गुडघे दुखतात. पायऱ्या आहेत का, वर पाणी मिळतं का, एवढंच सांगा. आजच गाडी सांगायचीय.

भटका_धुळेकर: कोणता किल्ला ते तर सांग भो!

पाटणचा_पोऱ्या: लळिंग, धुळ्याजवळचा. हायवेवरून दिसतो तो. दुसरा कोणता असणार?

तापीकाठ: सोनगीर, भामेर, थाळनेर... असो. लळिंगला सलग पायऱ्या नाहीत. गावातल्या हेमाडपंती महादेव मंदिराकडून पायवाट चढते. चढताना निभतं, उतरताना मुरमावरून पाय सटकतो आणि गुडघे तिथेच बोलतात. वर खोदीव टाकी आहेत, पण प्यायचं पाणी घरूनच न्या.

भटका_धुळेकर: उगाच घाबरवू नका. माझी आजी चढलीय.

तापीकाठ: आजी पावसाळ्यात चढली असेल. हा एप्रिलात चाललाय. किती वाजता निघणार भाऊ?

पाटणचा_पोऱ्या: दहाला, चाळीसगावहून.

तापीकाठ: दहाला?! पायथ्यालाच बारा वाजतील, सगळ्याच अर्थांनी.

बखरवाचक: जाताय तर इतिहास माहीत असू द्या. खानदेशावर राज्य करणाऱ्या फारुकी घराण्याच्या मलिक राजाने थोरल्या नसीर खानाला लळिंग दिला, धाकट्या इफ्तिखारला थाळनेर. 1399 मध्ये बाप गेला. पुढे नसीरने बऱ्हाणपूरजवळचा असीरगड तिथल्या आसा अहिराकडून दग्याने घेतला आणि धाकट्याचं थाळनेरही बळकावलं.

असीरवेडा: मग असीरगडच करा ना! अकबराला 1601 मध्ये मिळाला तोही फितुरीने. गाडी बरीच वर जाते, मावशी खूश.

भटका_धुळेकर: चाळीसगावहून बऱ्हाणपूरच्याही पुढे? मावशी गाडीतच दमेल.

बखरवाचक: फितुरीने की किल्ल्यातल्या रोगराईने, यावर वाद आहे.

जळगावची_सून: परतताना धाब्यावर शेवभाजी खा, पण तर्री वेगळी मागा. कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडदाची, भाकरी मिळाली तर सोडू नका.

पाटणचा_पोऱ्या: शेवभाजी कोणी विचारली ताई? आणि असीरगड नको. मावशीला लळिंगच्याच देवीची ओटी भरायचीय, नवस आहे.

तापीकाठ: अरे, हे आधी सांगायचं ना! मग पहाटे पाचला निघा, साडेसहा-सातला चढायला लागा, ऊन तापायच्या आत खाली या. मावशीच्या हातात काठी द्या. अर्ध्यावर थांबल्या तर आईच्या हातून ओटी भरून घ्या.

पाटणचा_पोऱ्या: मावशी ऐकेल तर ना. आणि गाडीवाला पाचला नाही म्हणतोय. चाळीसगावात दुसरा कोणी आहे का ओळखीचा?

भटका_धुळेकर: माणसं किती?