मदत हवी आहे: दिवाणी दाव्यात मोफत वकील, पण उत्पन्नाच्या दाखल्यावर अडलंय

एका शेतमजुरावर घराच्या जागेवरून मनाईचा दावा लागलाय. समन्स मिळालंय, सोबत निशाणी 5 चा तूर्तातूर्त (निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या) मनाईचा अर्जही आहे. तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज दिला, तर तिथे तहसीलदारांचा दाखला मागतात. तो वेळेत मिळेलसं दिसत नाही.

विधी सेवा प्राधिकरण कायदा 1987, कलम 12 नुसार महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, दिव्यांग, औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही. हे गृहस्थ त्यात बसत नाहीत, उत्पन्न मात्र 3 लाखांच्या मर्यादेच्या बरंच आत आहे. कलम 13 म्हणतं, उत्पन्नाबद्दल प्रतिज्ञापत्र पुरेसं मानता येईल, अविश्वासाला कारण असेल तर गोष्ट वेगळी. टेबलावर मात्र हे कुणी ऐकत नाही.

खरी भीती मुदतीची. कैफियत (दाव्याला लेखी उत्तर) समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत द्यायची, कोर्टाने वाढवली तर 90 पर्यंत. निशाणी 5 चं म्हणणं त्याआधीच मागतील, आणि गैरहजर राहिलं तर एकतर्फी हुकूम.

कुणी नुसत्या प्रतिज्ञापत्रावर वकील मिळवून दिलाय का? सोबत काय जोडलं, रेशनकार्ड चाललं? समिती अडून बसली तर थेट जिल्हा प्राधिकरणाच्या सचिवांना लेखी द्यावं की आधी विधी सेवेच्या 15100 या हेल्पलाइनवर तक्रार? आणि वकील नेमेपर्यंत पक्षकाराने स्वतः तारखेला उभं राहून मुदतीचा अर्ज दिला, सोबत विधी सेवेच्या अर्जाची पोच जोडली, तर तुमच्याकडची कोर्टं मुदत देतात का?

‘खासगी वकील बघा’ हा सल्ला कृपया नको.