खिद्रापूरच्या कोपेश्वर मंदिरातली शिल्पं नीट कशी पाहावीत?

मुशाफिर_७: डिसेंबरात एक दिवस खिद्रापूरला (ता. शिरोळ, जि. कोल्हापूर) द्यायचा आहे. फोटो सगळे स्वर्गमंडपाचेच (छत मधोमध उघडं असलेल्या मंडपाचे) दिसतात. सुरुवात कुठून करावी? उजेड कधी चांगला? आणि कार्तिकी पौर्णिमेचं एवढं महत्त्व का?

शिळारेखा: आधी बाहेरून प्रदक्षिणा घाला, मंडप नंतर. तळाशी गजपीठ आहे. मंदिराचा भार पेलणारे हत्ती आणि त्यांच्या पाठीवर देवता. बहुतेकांची नजर वर असते, त्यामुळे ही रांग हमखास सुटते. बऱ्याच मूर्तींचे चेहरे, हात फुटलेत. तिथे वाहन आणि आयुधांवरून ओळख पटवा. स्वर्गमंडपातले अष्टदिक्पालही (आठ दिशांचे रक्षक देव) तसेच ओळखायचे: ऐरावत म्हणजे इंद्र, मेंढा अग्नी, रेडा यम, मकर वरुण. दिशा ठाऊक असली की उरलेले आपोआप लागतात. दक्षिण दाराजवळचा यादव राजा सिंघणाचा देवनागरीतला शिलालेख चुकवू नका.

ध्रुवपद: उजेडाचं गणित सोपं आहे. स्वर्गमंडपाच्या छतातलं गवाक्ष, म्हणजे गोल झरोका, सुमारे १३ फूट व्यासाचं, बरोबर खाली जमिनीवर रंगशिळा ही गोल शिळा. खिद्रापूरचा अक्षांश साधारण १६.६ अंश उत्तर, म्हणून मेच्या पहिल्या आठवड्यात दुपारी साडेबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर येतो आणि कवडसा शिळेवर पडतो. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कललेला असतो, त्यामुळे कवडसा उत्तरेकडे सरकतो. शिळेवरच हवा असेल तर निराशा होईल. पौर्णिमेचा चंद्र सूर्याच्या समोर असतो. नोव्हेंबरात सूर्य दक्षिणेला, म्हणून चंद्र उत्तरेला आणि मध्यरात्री जवळपास माथ्यावर. त्याचं चांदणं गवाक्षातून शिळेवर उतरतं, कार्तिकीचं कारण हेच.

फोटोत आकाश पांढरंफटक किंवा खांब काळेठिक्कर येतात. खांबांवर एक्स्पोजर धरा आणि गवाक्ष चौकटीबाहेर ठेवा.

शिळारेखा: सभामंडपात अंधार असतो. टॉर्च समोरून मारली की कोरीवकाम सपाट दिसतं. बाजूने, तिरकी धरा, दागिन्यांची घडण उठून येते. हात मात्र लावू नका, घामाचा तेलकटपणा दगडावर बसतो. गाभाऱ्यात कोपेश्वर आणि धोपेश्वर अशी दोन लिंगं आहेत. समोर नंदी नाही. तो कर्नाटकातल्या यडूरला असल्याची समजूत आहे.

कृष्णाकाठ: रेल्वेने जयसिंगपूर, पुढे कुरुंदवाडमार्गे रस्ता. डिसेंबर उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये मात्र कृष्णेची पातळी पाहिल्याशिवाय निघूच नये, पुरात रस्ते बंद होतात.