मदत हवी आहे: झेरमॅटच्या खोऱ्यात दोराशिवाय तीन दिवसांत काय काय होईल?

घसारा_६४

नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात स्वित्झर्लंडमधल्या झेरमॅटला पूर्ण तीन दिवस आहेत, दोघे जण. सह्याद्रीत कातळटप्पे, घसारा (सुट्या दगडांचा उतार), अरुंद धारा यांची सवय आहे, पण बर्फावर कधी चाललेलो नाही. दोर-हार्नेस नेणार नाही. यादीत ओबररोटहॉर्न, मेटेलहॉर्न, रिफेलहॉर्न ही शिखरं आणि मॅटरहॉर्न शिखराच्या पायथ्याची ह्योर्नली हट (गिर्यारोहकांचा निवारा) आहेत. क्रम कसा लावावा? यातलं काय सोडावं? बूट सह्याद्रीतले मऊ तळव्याचेच चालतील का?

कातळवाट

रिफेलहॉर्न सोडा. उंची २९२८ मीटर, रोटेनबोडेन स्टेशनावरून जवळ दिसतो, म्हणून लोक फसतात. सोप्या वाटेवरही हात लावून चढावं लागतं आणि त्याच वाटेने तोंड कड्याकडे करून उतरावं लागतं. खडक हिरवट सर्पेंटाइनचा. मॅटरहॉर्नला जाणाऱ्यांचा सराव गाइड याच कड्यावर घेतात, त्यामुळे नेहमीच्या खोबणी घासून गुळगुळीत झाल्या आहेत. आपल्या बेसॉल्टला बूट धरतो तसा इथे धरेल असं समजू नका. जरा ओल आली की साबणावर पाय ठेवल्यासारखं होतं. दक्षिणेला सरळ गोर्नर हिमनदीकडे कडा आहे. दोर नसेल तर रिफेलसे तळ्यापर्यंत जा आणि तिथूनच बघा.

उरलेल्या तिघांचा क्रम: आधी ह्योर्नली, मग ओबररोटहॉर्न, शेवटी मेटेलहॉर्न. झेरमॅट गावच १६०८ मीटरवर, म्हणजे जवळपास कळसूबाईच्या माथ्याएवढं. तिथून केबलकार तासाभरात ३१०० मीटरवर नेऊन सोडते. डोकं दुखायला लागतं ते इथेच. पहिल्या दिवशी मुद्दाम सावकाश चाला.

हिमरेषा

ह्योर्नलीबद्दल. केबलकारने श्वार्झे (२५८३ मी.), तिथून हट ३२६० मी., म्हणजे पावणेसातशे मीटर चढ. सव्वादोन ते अडीच तास धरा. सुरुवातीच्या कड्याला लोखंडी जाळीचे पूल आणि जिने आहेत, पुढे नागमोडी वाट, अरुंद जागी दोर लावलेले. काठ्या जाळीच्या भोकात अडकतात, म्हणून जिन्याआधीच दुमडून पाठीवर बांधा. लोखंड सकाळी इतकं गार असतं की उघड्या हाताने धरवत नाही. पातळ हातमोजे हवेतच. साखळी किंवा दोराच्या दोन खुंट्यांमध्ये एका वेळी एकच माणूस, कारण पुढच्याने हिसका दिला की मागच्याचा तोल जातो.

हटच्या मागे कड्याला जाड दोर दिसेल. ती मॅटरहॉर्नची सुरुवात आहे. फोटोसाठीसुद्धा वर चढू नका; वरून चढणाऱ्यांच्या पायाने दगड सुटतात.

परतीची शेवटची केबलकार किती वाजता आहे ते सकाळीच स्टेशनवरच्या फलकावर बघून ठेवा. ती चुकली तर श्वार्झेपासून गावापर्यंत ९७५ मीटर पायी उतार.

कातळवाट

ओबररोटहॉर्न (३४१४ मी.) यादीतला सर्वात उंच, पण तांत्रिकदृष्ट्या सोपा. उंटररोटहॉर्नच्या केबलकार स्टेशनपासून (३१०३ मी.) आधी फुर्गी खिंडीत १२२ मीटर उतरायचं, मग ४३३ मीटर चढ. जाताना दीड ते दोन तास. येताना तो १२२ मीटरचा चढ नको असेल तर खिंडीतून थेट ब्लाउहेर्डला उतरा, गुडघे मात्र तयार हवेत. घसाऱ्यावरून वळणं कापून सरळ खाली सुटू नका, खालच्या वळणावर माणसं असतात.

आता मेटेलहॉर्न, ३४०६ मी. इथे केबलकार नाही. गावातून एडेलवाइस (१९६१ मी.), ट्रिफ्टचं हॉटेल (२३३७ मी.), मग ट्रिफ्टकुमेचं लांबलचक खोरं, खिंड, बर्फाचा पट्टा आणि शेवटी घसाऱ्याचा शंकू. एकूण १८०० मीटर. बारीतून कळसूबाई सलग दोनदा चढण्याएवढं, आणि तेवढंच उतरायचं. सगळे बर्फाची काळजी करतात, पण माणूस मोडतो तो उतरताना, ट्रिफ्टच्या खाली. पहाटे पाचला निघा. दुपारी बाराला जिथे असाल तिथून परत फिरा.

हिमरेषा

बर्फाचा पट्टा फार तीव्र नाही, पण उन्हाळ्याच्या अखेरीस वरचा मऊ बर्फ वितळून कडक हिम उघडं पडतं. त्यावर मऊ तळव्याचे बूट घसरतात आणि साखळीचे मायक्रोस्पाइक्स (बुटावर चढवायचे छोटे खिळे) अशा बुटांवर नीट बसतही नाहीत, तळवा वाकला की निसटतात. म्हणून घोटा झाकणारे, कडक तळव्याचे बूट घ्या, स्पाइक्स घरीच घालून बघा. आधी गेलेल्यांची मळलेली वाट स्पष्ट दिसत असेल तरच पाऊल टाका. ढग उतरले किंवा वाट दिसेनाशी झाली तर खिंडीतूनच परत. परिस्थिती ट्रिफ्टला विचारून पुढे जा.

खुणा: नुसती पिवळी पाटी म्हणजे साधी पायवाट, पांढरा-लाल-पांढरा पट्टा डोंगरवाट, पांढरा-निळा-पांढरा म्हणजे अल्पाइन वाट. निळा दिसला की तुमच्या बेताबाहेर. पाटीवरच्या वेळेत विश्रांती धरलेली नसते, एक तृतीयांश वाढवा.

घसारा_६४

मनापासून आभार, रिफेलहॉर्न यादीतून काढला. आदल्या रात्री ताजा बर्फ पडला तर? आणि मदतीसाठी नंबर कोणता?

हिमरेषा

ताजा बर्फ असेल तर तिन्ही बाद, ऊन आलं तरी दुपारपर्यंत लोखंडावर आणि सावलीतल्या दगडांवर पातळ थर राहतो. त्या दिवशी ब्लाउहेर्डपासून पाच तळ्यांची वाट करा, नाहीतर खालच्या रांडा गावावरचा झुलता पूल. २०१७ साली उघडला, लांबी ४९४ मीटर.

झेरमॅट वाले प्रांतात येतं, इथे १४४ लावा. स्वित्झर्लंडभर १४१४ सांगतात, पण इथली हेलिकॉप्टरं १४४ वरून निघतात. रेंज नसेल तर शिटी किंवा बॅटरी: मिनिटात सहा वेळा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. उत्तर मिनिटात तीन वेळा येतं. विम्याच्या कागदात उंचीची मर्यादा आणि हेलिकॉप्टरचा खर्च दोन्ही वाचूनच निघा. पुष्कळ पॉलिसी ३००० मीटरच्या वर काही देत नाहीत, आणि तुमचे तिन्ही बेत त्याच्या वरचे आहेत.