कापसाच्या गादीवरचे हळद-तेलाचे डाग कसे काढावेत?

नमस्कार. सासूबाईंच्या गुडघ्याला रात्री हळद आणि तिळाच्या तेलाचा लेप लावला जात असे. तो पट्टीतून झिरपून चादरीवर आणि तिच्याखालच्या कापसाच्या गादीवर मोठे पिवळे डाग पडले आहेत.

चादरीची चिंता नाही. साबण लागताच डाग लालभडक झाला, परंतु हळदीतील कुर्कुमिन क्षाराने लाल होते हे ठाऊक असल्यामुळे घाबरले नाही. पाण्याने खळबळून उन्हात वाळत घातल्यावर तो पुष्कळ फिका झाला. खरी अडचण गादीची आहे. तिची खोळ शिवलेली असल्याने काढता येत नाही, आत पाणी गेले तर कापसाच्या गाठी होतात, आणि सध्या कोकणात पावसामुळे गादी वाळेल असे ऊन पडतच नाही. तेलकटपणा शोषण्यासाठी टाल्कम पावडर रात्रभर पसरून सकाळी झटकली, त्याने चिकटपणा गेला. पिवळा रंग मात्र जसाच्या तसा आहे.

औषधाच्या दुकानातील ३ टक्क्यांचे हायड्रोजन पेरॉक्साइड फडक्यावर घेऊन केवळ वरच्या कापडावर टिपल्यास, खोळीच्या निळ्या पट्ट्यांचा रंग न जाता डाग निघेल का? क्लोरीनचे ब्लीच मला नको आहे, कारण त्याने जुने सुती कापड विरते. कोणी हा प्रयोग केला असल्यास पेरॉक्साइड किती वेळ ठेवावे आणि नंतर ते कसे पुसून घ्यावे, हे कृपया सविस्तर सांगावे. की पाऊस संपेपर्यंत थांबून पिंजाऱ्याकडून खोळच बदलून घेणे शहाणपणाचे ठरेल?