उथळ पाण्यातल्या कॅटामरानसाठी लाटरोधाचे कोणते प्रारूप घ्यावे?

दर्याकाठची:
नमस्कार मंडळी. पदव्युत्तर प्रकल्पासाठी मी प्रवासी कॅटामरानचा (दोन समांतर हल, म्हणजे बोटीचे पाण्यातले सांगाडे, असलेल्या बोटीचा) रोध, म्हणजे पाण्याचा विरोध, काढते आहे. जलरेषेवरील लांबी 24 मीटर, प्रत्येक हलची रुंदी 2 मीटर, वेग 12 ते 20 नॉट; मार्ग गेटवे ते मांडवा. मिशेलचे 1898 चे समाकल (लाटा उठवण्यात जाणारा विरोध, म्हणजे लाटरोध, देणारे सूत्र), पॅनेल पद्धत (हलचा पृष्ठभाग छोट्या तुकड्यांत विभागून केलेले गणित) आणि सीएफडी (पाण्याचा सगळा प्रवाह संगणकावर सोडवणे) यांपैकी सुरुवात कशाने करावी? आमचे सर मिशेलला जुनाट म्हणतात.

सुकाणू:
जुनाट खरा, पण तुमच्या हलची लांबी रुंदीच्या बारापट आहे आणि मिशेलने हल बारीक असल्याचेच गृहीत धरले होते. शिवाय दोन हलच्या लाटा एकमेकींत मिसळतात तो परिणाम एका जादा गुणकाने धरता येतो आणि सगळे गणित साध्या लॅपटॉपवर चटकन उरकते. घर्षणरोध आयटीटीसी (जहाजांच्या प्रतिकृती टाकीत ओढून चाचणी घेणाऱ्यांची आंतरराष्ट्रीय परिषद) 1957 च्या सूत्राने वेगळा काढून त्यात मिळवावा. ही विभागणी मुळात जहाज-अभियंते विल्यम फ्रूड यांची. मात्र श्यानता (पाण्याचा चिकटपणा) वगळल्यामुळे मिशेलच्या आलेखातले उंचवटे आणि खळगे प्रत्यक्षाहून ठळक येतात. 12 नॉटला फ्रूड संख्या (वेग आणि हलची लांबी यांची सांगड घालणारा आकडा) 0.40 येते, म्हणजे आडव्या लाटेची लांबी जवळजवळ हलइतकीच होते, तेव्हा तिथला आकडा जपून वापरा. नाळ (पुढचे टोक) बारीक आणि वरामाची (मागच्या टोकाची) बाजू सपाट कापलेली आहे का? तसे असेल तर मागचे पाणी सुटून वराम कोरडा पडतो, आणि हे मूळ समाकलाला कळत नाही.

गाळमाप:
माझ्या मते आधी खोली पाहा. 5 मीटर पाण्यात लाटेचा कमाल वेग सेकंदाला 7 मीटर, म्हणजे सुमारे 13.6 नॉट; 8 मीटरला तोच 17.2 नॉट. दोन्ही तुमच्या पट्ट्यात बसतात आणि भरती-ओहोटीने रोज सरकतात. बोटीमागे पसरणाऱ्या लाटांच्या पाचरीचा, भौतिकशास्त्रज्ञ केल्व्हिन यांनी काढलेला 19.47 अंशांचा अर्धकोन खोल पाण्यापुरता आहे. या वेगाजवळ तो 90 अंशांपर्यंत उघडतो आणि त्यापुढे आडव्या लाटा उरतच नाहीत. समाकलाचे मर्यादित खोलीचे रूप घ्या, पण त्या वेगाच्या आसपास रेषीय सिद्धान्त टिकत नाही, कारण जहाज पुढच्या दिशेने एकेक लाट सोडू लागते. तेवढ्या पट्ट्यासाठीच सीएफडीचा खर्च करावा.

दर्याकाठची:
आभारी आहे. वराम सपाटच आहे. दोन्ही खोल्यांसाठी समाकल चालवून आलेख इथेच टाकते.