शब्दचर्चा : 'सीमाशुल्क क्षमता' म्हणजे काय वाढणार?

गंगावेस_वाला : मंडळी, अडलोय. इथल्या एका टूरवाल्याचं माहितीपत्रक मराठीत करतोय. विषय असा, की परदेशी ये-जा करणारे वाढले म्हणून विमानतळावर कस्टम्सची कपॅसिटी वाढवतायत. मी लिहिलं : 'अधिक आंतरराष्ट्रीय प्रवासी हाताळण्यासाठी सीमाशुल्क क्षमतेचा विस्तार'. टूरवाला म्हणाला, "म्हंजे कर वाढणार व्हय?" आता?

अनुस्वार : त्यांचं काय चुकलं? शुल्क म्हणजे पैसा. नेमकं काय वाढणार ते लिहा : तपासणीची टेबलं, सामानाची क्ष-किरण यंत्रं, पाळीतले अधिकारी. आणि 'प्रवासी हाताळणे' आधी काढा. हाताळतात ती पोती.

शिरोली_नाका : कस्टम लिहा की सरळ. दुबईचा आमचा मावसभाऊ "कस्टमनं अडवलं" म्हणतो. "सीमाशुल्कानं अडवलं" म्हणाला तर मावशी विचारंल, ही सीमा कोण.

अनुस्वार : विनोद पुरे. कायद्याचं नाव सीमाशुल्क अधिनियम, 1962. त्याच्या कलम 7 खाली केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ एखादा विमानतळ 'सीमाशुल्क विमानतळ' म्हणून नेमतं. छापील मजकुरात संज्ञा पाळायलाच हवी. मावशीला कळावं हाच निकष असेल तर अर्धा कोश रद्दीत.

शिरोली_नाका : तिथंच हाय तो.

रंकाळा_फेरी : एक बघा, लोक विमानतळावरच्या सगळ्याच रांगांना कस्टम म्हणतात. पासपोर्टवर शिक्का मारणारे इमिग्रेशनचे, ते गृह खात्याखाली. कस्टम अर्थ खात्याचं, ते सामान बघतं. शुल्क लागण्याजोगं काही नसेल तर माणूस हिरव्या मार्गानं निघून जातो, असेल तर लाल. त्यामुळं मूळ मजकुरात नक्की कुठली रांग म्हणायची आहे?

जुनी_वही : पण जकात हा शब्द का टाकला? कोकणात मांडवी म्हणजे जकातीची कचेरी, मोल्सवर्थच्या कोशातही सापडेल. आमच्या लहानपणी गावाबाहेर पडायचं म्हणजे नाका आलाच.

अनुस्वार : जकात अरबी, धर्मादाय दानाचा शब्द. शिवाय ती शहराच्या वेशीवरची, देशाच्या सीमेवरची नव्हे. मुंबईतली शेवटची जकातसुद्धा 1 जुलै 2017 ला जीएसटी आल्यावर गेली. मेलेला शब्द विमानतळावर कशाला न्यायचा?

जुनी_वही : मग तुमचं शुल्क तरी कुठलं? कौटिल्याचा शुल्काध्यक्ष शुल्कशाला बांधतो ती नगराच्या महाद्वाराजवळ, वर झेंडा लावून. वेशीवरचा जकात नाकाच झाला की तो! संस्कृत असलं की वेस चालते, अरबी असलं की नाही, असं का?

निपाणीकर : आमच्याकडं त्याच शुल्काचं प्राकृतातून 'सुंक' झालं आणि कन्नडात टिकलं. नाका म्हणजे 'सुंकद कट्टे'. म्हणही आहे : सुंकवाल्यापुढं सुखदुःख सांगावं तसं. म्हणजे ऐकून घेईल सगळं, सोडणार मात्र नाही.

शिरोली_नाका : हे भारी! मावसभावाला पाठवतो.

रंकाळा_फेरी : मराठीत क्रियापद मात्र फार चांगलं आहे : माल *सोडवणे*. 'क्लिअर करणे'पेक्षा कितीतरी बरं. जकातीतून माल सोडवून आणला, असं आमचे आजोबा म्हणायचे.

अनुस्वार : माल सोडवतात, प्रवासी नाही. प्रवाशाला जामिनावर सोडवतात.

गंगावेस_वाला : अहो, मजकूर आज द्यायचाय. 'प्रवासी वाढल्यामुळे सीमाशुल्क (कस्टम्स) तपासणीची सोय वाढवणार' असं करतो.

अनुस्वार : तपासणी ही प्रवाशाची सोय कशी? 'व्यवस्था' लिहा. आणि कंस काढा.

शिरोली_नाका : कंस ठेवा, बाकीचं काढा.

जुनी_वही : 1939 पासूनचा विमानतळ आपला कोल्हापूरचा, 2024 च्या मार्चमध्ये नवी इमारतही झाली, तरी परदेशी जायला पुणे, मुंबई नाहीतर गोव्याचं मोपा. आपल्या उजळाईवाडीच्या या विमानतळाला सीमाशुल्क येईल तेव्हा पाटीवर काय लिहायचं ते आत्ताच ठरवून ठेवू.

गंगावेस_वाला : टूरवाल्यानं दुसरं पान धाडलंय. 'ड्यूटी फ्री शॉप'. कोशात बघून 'निःशुल्क दुकान' लिहिलं.

अनुस्वार : निःशुल्क म्हणजे लोक फुकट समजतील! 'शुल्कमुक्त'.

जुनी_वही : जकातमाफ.

शिरोली_नाका : निःशुल्कच राहू द्या. मोप्याची गाडी किती वाजता सुटती?