रि: जुन्या अकॉर्डचं स्टीअरिंग फ्लुइड गळतंय, रॅक बदलू का?

मंडळी, नमस्कार,
ग्रुपवरच्या गणपतीच्या मेलांमधे मधेच घुसतोय, सॉरी. आमची २००५ ची होंडा अकॉर्ड, फोर सिलिंडर. पॉवर स्टीअरिंगचं फ्लुइड टॉप अप केलं की थोड्या दिवसांत परत मिनिममच्या खाली, आणि सकाळी गार गाडी सुरू केली की कण्हल्यासारखा आवाज, पार्किंगमधे वळवताना तर विचारू नका. गॅरेजवाला म्हणतो रॅक (स्टीअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणारा भाग) गेला, चौदाशे डॉलर. अहो गाडी विकली तरी तेवढे येतील की नाही कोण जाणे. लेक आता लायसन्स काढणार, तिला द्यायची होती. मित्र म्हणतो गळती थांबवणाऱ्या स्टॉप लीकची बाटली ओत आणि विसरून जा. ओतू का?
– समीर

समीर,
थांब, काही ओतू नकोस. त्या बाटलीने रबर फुगतं, गळती काही दिवस दबते आणि पुढे कुठून गळत होतं तेच कळत नाही. रॅकलाही इतक्यात हो म्हणू नकोस. तेल वरून गळतं, खाली येतं, गाडी चालताना वाऱ्याने मागे उडतं, मग लिफ्टवर खालून बघणाऱ्याला रॅकच ओला दिसणार ना.

आधी इंजिन चालू ठेवून रिझर्व्हॉयरचं (फ्लुइडच्या डब्याचं) झाकण काढून बघ. आत फेस दिसला तर पंप हवा ओढतोय, आणि तुझा तो आवाज बहुतेक त्याचाच. रिझर्व्हॉयरकडून पंपात जाणारी नळी जिथे बसते तिथे एक ओ-रिंग (रबरी कडी) असते, इतक्या वर्षांत ती कडक होते आणि मिशिगनच्या थंडीत आणखीच आकसते. किंमत किरकोळ, दोन छोटे बोल्ट काढले की हातात येते.

मग सगळं ब्रेक क्लीनरने पुसून कोरडं कर, खाली पुठ्ठा टाक, लेकीला आत बसवून स्टीअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला सांग (टोकाला दाबून धरायचं नाही, दोनेक सेकंद फार झाले, पंपावर लोड येतो) आणि तू टॉर्च घेऊन वरून खाली बघत ये. क्लॅम्प, पुलीच्या मागे पंपाचा शाफ्ट, मग हाय प्रेशर होज (पंपाकडून रॅककडे जाणारी नळी). होजचं रबर जिथे लोखंडी नळीत क्रिंप केलेलं (दाबून घट्ट बसवलेलं) असतं ती जागा नीट बघ, इथे रस्त्यावरच्या मिठाने ती नळी गंजतेच. इंजिन चालू असताना त्या होजला हात लावू नकोस.

रॅकचा निकाल शेवटी. दोन्ही टोकांना घडीचे रबरी बूट असतात ते दाबून बघ, आत तेल डुचमळत असेल तर गॅरेजवाला खरं बोलतोय, आतले सील गेले. बूट कोरडे असतील तर चौदाशे वाचले.

पुठ्ठ्यावर लाल डाग आला तर तो ट्रान्समिशनचा (गिअरबॉक्सचा) असू शकतो, होंडाचं स्टीअरिंग फ्लुइड पिवळसर असतं. आणि भरताना होंडाचंच भर, एटीएफ (ट्रान्समिशनचं तेल) चालवून घेऊ नकोस. टोयोटावाले बरेचजण एटीएफच घालतात, त्यांचं ऐकून घोळ होतो.
– काका

काका, थांबू शकत नाही म्हणून मधे बोलते, गळणारं तेल गरम एग्झॉस्टवर पडत असेल तर पेटू शकतं, जळका वास येत असेल तर ती गाडी चालवूच नका. आणि समीर, पातळी बघितल्याशिवाय लेकीच्या हातात देऊ नकोस, पंप कोरडा चालला की पंपही जातो.
– अश्विनी

काका, ताई,
फेस होता, चक्क बिअरसारखा. बूट दोन्ही कोरडे ठणठणीत. ओ-रिंग बदलली, जुनी काढताना तुटलीच. किचनमधल्या बास्टरने (रस ओढायच्या पिचकारीने) रिझर्व्हॉयरमधलं काळं तेल काढून नवीन भरलं (बास्टर आता गॅरेजमधेच राहणार, बायकोने बजावलंय), पुढची चाकं जॅकवर घेऊन इंजिन बंद ठेवून स्टीअरिंग फिरवत हवा काढली. आवाज गेला! पण प्रेशर होजचा क्रिंप अजून ओला दिसतोय म्हणून होज मागवलाय. रॅककडचा नट गंजलाय, साध्या पान्याने कडा जातील असं वाटतंय. कुणाकडे लाइन रेंच (नटाला जवळपास चहूबाजूंनी धरणारा पाना) आहे का, शनिवारपुरता?
– समीर